तेरड्याचा हर्बेरियम नमुना: झाडासमोरच्या नोंदीपासून डेटाच्या ओळीपर्यंत

पावसाळा संपला की हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहात, तेरड्याचे नमुने येऊ लागतात आणि त्यातले बरेचसे एकाच रूपात येतात. पानं काळपट, खोड चपटं, फुलाच्या जागी कागदाला चिकटलेली तपकिरी-गुलाबी टिकली. लेबलावर ‘तेरडा, कास, सप्टेंबर’. अशा शीटवरून, म्हणजे नमुना चिकटवलेल्या कागदावरून, जात ठरवता येत नाही आणि ठिकाणही सापडत नाही. जागा मात्र ती पुढची शंभर वर्षं अडवते.

तेरड्याच्या प्रजातीत, म्हणजे इम्पेशन्समध्ये, जाती वेगळ्या करायच्या खुणा जवळजवळ सगळ्या फुलात आहेत, आणि फूल पातळ पापुद्र्यासारखं. दाबलं की त्याच्या घड्या एकमेकींना चिकटतात. फळ बोट लावताच फुटतं. खोड पाण्याने भरलेलं असल्यामुळे वाळत नाही, कुजतं. गवताला किंवा सोनकीला चालणारी पद्धत इथे जशीच्या तशी वापरली की नमुना हमखास बिघडतो. खालचा क्रम सह्याद्रीतल्या तेरड्यांसाठी आहे. तो मोडू नका. बऱ्याच चुका हातातल्या नसतात, क्रमातल्या असतात.

१. निघण्यापूर्वी

आधी परवानगी. जंगल राखीव असो वा संरक्षित, वनखात्याची लेखी परवानगी लागते. कासचं पठार राखीव वनात आहे, शिवाय २०१२पासून जागतिक वारशाच्या यादीत. तिथे विनापरवाना एक काडीही उचलायची नाही. खासगी सड्यावर (कातळाच्या पठारावर) मालकाला विचारा. परवानगीचा क्रमांक नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पुढे लेबलावर लागतो.

सामान:

– दाबपेटी, तिचे पट्टे, ३० तरी टिपकागद, तेवढेच पन्हळी पुठ्ठे, रद्दी पेपर
– नक्षी किंवा उठाव नसलेला मऊ टिश्यू पेपर, घड्या घालून तयार ठेवलेला
– झाकण घट्ट बसणारा कडक प्लास्टिकचा डबा. फुलं यात न्यायची
– दहापट भिंग, दोन सुया, बारीक चिमटा, बारीक ब्रश, ब्लेड
– ७० टक्के अल्कोहोल भरलेल्या छोट्या बाटल्या
– सिलिका जेल आणि झिपच्या पिशव्या
– फळांसाठी कागदी पाकिटं
– मिलिमीटरची पट्टी, साधा दोरा, रंगपट्टी
– दोरा ओवलेल्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या, २बी पेन्सिल, जाड कागदाची नोंदवही

जेल पेन घरी ठेवा. ऑगस्टच्या सड्यावर जेल पेनने लिहिलेलं पान संध्याकाळी निळ्या पाण्याचं तळं झालेलं असतं. अल्कोहोलच्या बाटलीतल्या चिठ्ठीवर तर पेन्सिलच लागते, शाई विरघळून जाते.

अल्कोहोल पातळ करताना सोपा हिशोब: ९५ टक्क्यांचं ७० मिली घ्या आणि पाणी घालून एकूण ९५ मिली करा. हात निर्जंतुक करायचं जेल यासाठी चालत नाही, त्यातला घट्ट करणारा पदार्थ पाकळ्यांवर बसतो.

२. झाडाला हात लावण्याआधीची नोंद

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ असं आपण म्हणतो. नमुन्यासाठी काढलेल्या फुलाला तेवढेही मिळत नाहीत; दाबलं की संध्याकाळपर्यंत रंग फिरतो. म्हणून रंग झाडासमोर लिहायचा, आणि ‘गुलाबी’ एवढ्यावर सोडायचा नाही. भागाभागाचा वेगळा लिहायचा: पंखांचा (बाजूच्या जुळलेल्या पाकळ्यांचा) रंग, पंखांच्या बुडाशी पिवळा ठिपका आहे का, घशात तांबड्या रेघा आहेत का, सोंडेच्या (फुलामागे निघालेल्या पोकळ नळीच्या) टोकाचा रंग, कळीचा रंग. पांढरी फुलं दिसली तर तेवढ्यावरून वेगळी जात समजू नका. आजूबाजूच्या गुलाबी झाडांत अधूनमधून एखादं पांढरं निघतंच. किती झाडांत किती पांढरी, हे लिहा.

यानंतर शीटवर उतरणार नाहीत अशा गोष्टी:

– झाडाची उंची, आणि खोड ताठ की जमिनीवर पसरून पेऱ्यांना मुळं फुटलेली
– खोडाचा रस, रंग, पेरी फुगलेली आहेत का
– पानं समोरासमोर, एकाआड एक, की सगळी बुडातून. तेरड्याच्या जातींपैकी बाल्समिनाची पानं एकाआड एक असतात, ऑपोझिटिफोलियाची नावाप्रमाणेच समोरासमोर, आणि ओल्या कातळावर येणाऱ्या अकॉलिसची जमिनीलगत
– देठावर किंवा पानाच्या बुडाशी ग्रंथी आहेत का (भिंगातून पाहा, वाळल्यावर त्या गळतात)
– फूल कुणीकडे तोंड करून आहे, सोंड सरळ, वाकडी की गुंडाळलेली
– फळावर लव आहे की ते गुळगुळीत. बाल्समिनाच्या बोंडावर दाट लव असते, बोटाला कळते

जागेचं वर्णन ‘डोंगराळ भाग’ असं नको. ‘जांभ्याचा सडा, खळग्याच्या कडेला, मातीचा थर ४-५ सेंमी, पावसात पाणी साचतं, सोबत गेंद, कवला, सीतेची आसवं’ एवढं लिहिलंत की वाचणाऱ्याला ती जागा दिसते. सोबतच्या झाडांची नावं मराठीत लिहिली तरी चालेल, पण ओळख पक्की असेल तेवढीच लिहा.

तपासा: हे झाड रानचं आहे की लावलेलं? बाल्समिना अंगणात, देवळापाशी, शेताच्या बांधावर लावलेला असतो आणि तिथून निसटूनही उगवतो. दुहेरी पाकळ्यांची गुलमेंदी दिसली तर ती बागेतलीच. कुंडीतला वॉलेरियाना हा तेरडा मूळचा पूर्व आफ्रिकेतला. ‘लागवडीतला’ हा एक शब्द लेबलावर नसेल तर पुढे कुणीतरी नकाशात सह्याद्रीतली नवी नोंद म्हणून टिंब देतो.

३. ठिकाण

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे रेंगाळू.

ठिकाण मोठ्याकडून लहानाकडे लिहा: राज्य, जिल्हा, तालुका, गाव, मग खूण आणि तिच्यापासूनचं अंतर व दिशा. फक्त ‘खंडाळा’ लिहू नका. लोणावळ्याजवळ खंडाळा आहे आणि सातारा जिल्ह्यात खंडाळा नावाचा अख्खा तालुका आहे. आंबा आणि आंबोली या दोन घाटांचीही घाईत लिहिताना अदलाबदल होते.

अक्षांश-रेखांश दशांशात घ्या, चार आकड्यांपर्यंत. चौथा आकडा म्हणजे जमिनीवर सुमारे ११ मीटर, एवढं पुरतं. दोनच आकडे लिहिले तर तुमचं झाड एक किलोमीटरच्या चौकोनात कुठेही असू शकतं. मोबाइलने सहा-सात आकडे दाखवले म्हणून तेवढे उतरवण्यातही अर्थ नाही. यंत्राची चूकच दहा-वीस मीटरची असते. ती चूक, म्हणजे स्क्रीनवर दिसणारा ± आकडा, शेजारी लिहा. मापनाचा आधार डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएस वापरतो ती मोजणीपद्धत) आहे तेही लिहा.

आता नेहमीची चूक जवळून बघू. कास पठाराचं ठिकाण अंश-मिनिटं-सेकंदांत साधारण १७°४३′१२″ उत्तर, ७३°४९′२२″ पूर्व. दशांशात ते १७.७२०० आणि ७३.८२२८ होतं, कारण मिनिटांना ६०ने आणि सेकंदांना ३६००ने भागायचं असतं. बरेच जण भागाकार न करता चिन्हंच काढून टाकतात: १७.४३१२, ७३.४९२२. आकडे दिसायला अगदी खरे वाटतात. नकाशावर टाका, तर टिंब ३२ किलोमीटर दक्षिणेला आणि ३५ किलोमीटर पश्चिमेला सरकलेलं, चिपळूणच्या खाली कोकणात. लेबलावर उंची १,२०० मीटर आणि टिंब घाटाच्या पायथ्याला! उंची लिहिलेली असेल तर ही चूक पकडता येते. नसेल तर कोकणात एक खोटी नोंद कायमची बसते.

थांबा: जागा सोडण्यापूर्वी नोंदलेले आकडे मोबाइलच्या नकाशात पुन्हा टाकून बघा. टिंब तुमच्या पायाखाली आलं पाहिजे.

४. फोटो

फोटो नमुन्याऐवजी नसतो, नमुन्यासोबत असतो. निदान पाच काढा: जागा, अख्खं झाड, फूल समोरून, फूल अगदी बाजूने (सोंडेची पूर्ण रेघ दिसेल असं), आणि फळ-पानांची मांडणी. शेवटच्या तिन्हींत पट्टी आणि रंगपट्टी ठेवा. समोरून काढलेलं फूल सुंदर दिसतं, पण ओळखायला बाजूचं लागतं, आणि नेमकं तेच कुणी काढत नाही.

पहिल्या फोटोत संकलन क्रमांकाची चिठ्ठी धरा. संध्याकाळी फोन चाळताना कुठलं फूल कुठल्या झाडाचं, हा प्रश्न मग उरत नाही.

५. काढणं

क्रमांक हा तुमचा, आयुष्यभर सलग चालणारा. दरवर्षी १पासून सुरू करू नका. एका दिवशी, एका जागी, एका जातीची काढलेली झाडं म्हणजे एक क्रमांक. त्याच झाडांचे जादा नमुने दुसऱ्या हर्बेरियमला द्यायचे असतील तर त्यांनाही तोच क्रमांक.

वीस झाडं दिसली तर एकाहून जास्त काढायचं नाही. दहाच झाडं असतील तर फोटो, एक-दोन फुलं आणि टिपण यावर भागवा.

एकाच सड्यावर दोन-तीन जातींचे तेरडे मिसळून उगवतात आणि गुलाबी गर्दीत सगळे सारखे वाटतात. मूठभर उपटून एका शीटवर लावले की एका क्रमांकाखाली दोन जाती येतात. प्रत्येक झाड हातात घेऊन पानांची मांडणी आणि सोंड पाहा, मगच क्रमांकाची चिठ्ठी बांधा.

झाड मुळासकट घ्या. अकॉलिसचा जमिनीतला गड्डा कातळाच्या फटीत असतो. ओढला तर तुटतो, सुरीच्या टोकाने सोडवा. पिकलेली बोंडं सगळ्यात आधी, झाड हलवण्यापूर्वी, पाकिटाचं उघडं तोंड बोंडाखाली धरून पाकिटातच फोडा. बियांचा पृष्ठभाग ओळखीला कामाचा असतो आणि पिकलेली बी दुसऱ्या कुठल्याही वेळी मिळत नाही.

फुलं वेगळी, डब्यात. खाली किंचित ओला टिश्यू, वर फुलं सुटी, एकावर एक नाहीत. सावलीत ठेवलेला डबा काही तास फुलं ताजी ठेवतो. पॉलिथिनच्या पिशवीत झाडासोबत कोंबलेली फुलं अर्ध्या तासात लगदा होतात. पावसाने भिजलेलं फूल आधी टिपकागदाच्या कोपऱ्याने टिपून घ्या.

एका क्रमांकाला दहाएक फुलं हवीत, आणि ती दोन अवस्थांतली हवीत. तेरड्याच्या फुलात पुंकेसर आधी पिकतात. पाचही एकत्र जुळून अंडाशयावर टोपीसारखे बसतात, ही टोपी नंतर गळते आणि मग कुक्षी उघडी पडते. टोपी असलेली आणि टोपी गळालेली, दोन्ही घ्या.

६. फूल उलगडणं

हे काम त्याच दिवशी, शक्यतो जागेवरच करा. रात्री खोलीवर गेल्यावर करू म्हटलं की फुलं मऊ पडलेली असतात.

तेरड्याचं फूल देठावर पिळा घेऊन उलटं झालेलं असतं. त्यामुळे निदलांना (पाकळ्यांबाहेरच्या दलांना) ‘वरचं निदल’, ‘खालचं निदल’ असं लिहिलं की वाचणारा गोंधळतो. भागाच्या नावानेच लिहा.

क. बाजूची निदलं. देठाजवळ दोन्ही बाजूंना एकेक, लहान. काही जातींत आत आणखी दोन बारकी असतात. भिंगातून बघूनच मोजा. ती पहिल्यांदा काढा, नाहीतर पुढच्या ओढाताणीत हरवतात.

ख. सोंडेचं निदल. होडीसारखं किंवा नरसाळ्यासारखं, मागे पोकळ सोंड निघालेली. एक अख्खं, बाजूने दिसेल असं ठेवा. दुसरं ब्लेडने उभं चिरून पसरा. सोंडेची लांबी ताज्या फुलावर मोजायची, दोरा वळणावरून फिरवून आणि मग पट्टीवर धरून. वाळलेली सोंड आकसते. तोंडापासून सोंड सुरू होईपर्यंतची खोली वेगळी लिहा.

ग. मागची पाकळी. टोपीसारखी वळलेली, पाठीवर बहुधा कणा असतो. सपाट केली की कणा चेपतो. म्हणून एक पसरून आणि एक अर्ध्यात दुमडून, अशा दोन ठेवा.

घ. पंख. बाजूच्या चार पाकळ्या दोन-दोन जुळून दोन पंख होतात. प्रत्येकाला बुडाचा आणि टोकाचा असे दोन खंड. बुडाशी, सोंडेच्या तोंडात शिरलेला, केसासारखा बारीक कान असू शकतो. हा कान खुणेचा, आणि ओढून काढलेल्या पंखाचा कान नेहमी तुटून फुलातच राहतो. ओढायचं नाही. सोंडेचं निदल आधी बाजूला करून, सुईच्या धारेने पंख बुडापासून कापून घ्यायचा.

च. पुंकेसरांची टोपी आणि अंडाशय.

सगळे भाग टिश्यूच्या घडीत, वर सांगितलेल्या क्रमाने, ओल्या ब्रशने पसरून ठेवा. घडी मिटा, वर पेन्सिलने क्रमांक लिहा. पूर्ण वाळेपर्यंत ही घडी उघडायची नाही. ओला टिपकागद बदलताना घडी जशीच्या तशी उचलून कोरड्या कागदावर ठेवायची. उत्सुकतेपोटी दुसऱ्या दिवशी उघडलेल्या घडीत पाकळ्या दोन्ही बाजूंना अर्ध्या-अर्ध्या चिकटून फाटतात.

अशी तीन फुलं उलगडलेली, दोन बाजूने आणि एक समोरून अख्खं दाबलेलं. उरलेली बाटलीत.

थांबा: फुलाचे भाग सेलोटेपखाली चिकटवू नका. आठवडाभर छान दिसतात. काही वर्षांत गोंद पिवळा पडून बाहेर झिरपतो, आणि टेप काढायला गेलं की पाकळी त्याच्यासोबत निघते.

७. बाटली आणि सिलिका

७० टक्के अल्कोहोलमध्ये चार-पाच फुलं, दोन कळ्या, एक कोवळं फळ. बाटली काठोकाठ भरा. हवा राहिली तर फुलं आपटून फाटतात. आत पेन्सिलने लिहिलेली क्रमांकाची चिठ्ठी, बाहेरही तोच क्रमांक. बाहेरची चिठ्ठी निघते म्हणून आतली. फॉर्मॅलिन घातलेली मिश्रणं आकार चांगला धरतात, पण डीएनए बिघडवतात आणि डोळ्या-नाकाला त्रास देतात. तेरड्याला साधं अल्कोहोल पुरतं. रंग त्यात जातो, तो नोंदवहीत आहेच.

डीएनएसाठी कोवळ्या पानाचे तुकडे सिलिका जेलमध्ये ठेवा, पानाच्या वजनाच्या दहापट सिलिका. तेरड्याचं पान रसाळ असल्यामुळे पहिल्या दिवसानंतर सिलिका बदला. अल्कोहोल लावलेलं पान यासाठी घेऊ नका.

८. दाबणं आणि वाळवणं

फुलं काढून घेतलेलं झाड आता दाबायचं. खोड जाड असेल तर मागच्या बाजूने उभं चिरा. अकॉलिसचा गड्डा अर्धा कापा. मुळांची माती पाण्यात हलवून काढा, झटकून नाही.

रसाळ झाड दाबपेटीतही काही दिवस जिवंत राहतं आणि तेवढ्यात पानं गाळून टाकतं. उपाय सोपा: फुलं नसलेला भाग काही सेकंद उकळत्या पाण्यात बुडवून काढा आणि टिपून घ्या. पेशी मरतात, पाणी लवकर निघतं, पानं देठावर टिकतात. फुलोरा मात्र पाण्याबाहेर धरा.

निदान एक पान उलटं ठेवा, म्हणजे मागची बाजू दिसेल. झाड शीटहून मोठं असेल तर इंग्रजी व्ही किंवा एन अक्षरासारखं दुमडा. कापून तुकडे केलेच तर प्रत्येकाला क्रमांक बांधा.

पहिल्या दिवशी टिपकागद तीन-चार वेळा बदला, नंतर रोज एकदा. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसात एवढ्यानेही भागत नाही, उबदार हवा लागते. लाकडी पेटीत खाली जुना पिवळा बल्ब, वर उभी ठेवलेली दाबपेटी आणि पन्हळी पुठ्ठ्यांच्या नळ्यांतून वर जाणारी हवा, एवढं घरगुती साधन चालतं. तापमान ४० ते ५० अंश सेल्सिअस. त्यावर गेलं की पानं तपकिरी आणि ठिसूळ होतात. पट्टे रोज आवळा, कारण वाळताना गठ्ठा सैल पडतो आणि सैल गठ्ठ्यात पानं चुरमडतात.

वाळवायची सोयच नसेल, तर झाडं रद्दीच्या घड्यांत बांधून पॉलिथिनच्या पिशवीत ठेवा, ६०-७० टक्के अल्कोहोल ओता आणि तोंड बांधा. परत येईपर्यंत काही आठवडे टिकतात. रंग पूर्ण जातो, झाड कडक होतं, आणि त्यातला डीएनए बहुधा कामाचा राहत नाही. तरीही कुजलेल्या नमुन्यापेक्षा बरं.

तपासा: वाळलेलं वाटणारं झाड गालाला लावा. गार लागलं तर आत ओल आहे. खोडाची पेरी शेवटी वाळतात, तिथेच लावून बघा.

९. कीड

वाळलेला नमुना थेट कपाटात जात नाही. हवाबंद पिशवीत घालून उणे २० अंशांवर निदान सात दिवस. घरचा फ्रीजर असेल तर दोन आठवडे ठेवलेलं बरं. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका, नाहीतर हवेतलं बाष्प गार नमुन्यावर जमतं.

पूर्वी शीटना पाऱ्याचं क्लोराइड लावत. ते जहाल विष आहे. नव्या नमुन्यांना लावू नका आणि जुन्या शीट हातमोज्याशिवाय हाताळू नका. जुन्या शीटवर काळपट-करडे डाग दिसले तर ते याचेच असू शकतात.

१०. शीट आणि लेबल

शीट साधारण ४२ × २८ सेंमी, आम्लरहित जाड कागदाची. झाड पांढऱ्या गोंदाने मोजक्या जागी चिकटवा, खोड दोऱ्याने टाचा. फुलाच्या भागांचा टिश्यू पूर्ण वाळल्यावर उघडून भाग छोट्या कार्डावर मांडा आणि कार्ड पाकिटात घाला. पाकीट वरच्या कोपऱ्यात, बियांचं वेगळं. पाकिटं चिकटवायची, पण उघडता आली पाहिजेत. फुलांवर गोंद नको.

लेबल उजव्या खालच्या कोपऱ्यात, १० × ७ सेंमीच्या आसपास. त्यावर शास्त्रीय नाव, ठिकाण, अक्षांश-रेखांश आणि चूक, उंची, अधिवास, झाडाचं वर्णन, रंग, तारीख, संकलकाचं नाव व क्रमांक, सोबतचे संकलक, परवानगी क्रमांक. शिवाय एक ओळ जी बहुतेक जण विसरतात: ‘फुलं अल्कोहोलमध्ये, पान सिलिकात, फोटो आहेत.’ ही ओळ नसेल तर बाटली एका खोलीत आणि शीट दुसऱ्या खोलीत पडून राहते, एकमेकींचा पत्ता नसताना.

तारखेत महिना अक्षरांत किंवा रोमन आकड्यांत लिहा. ०५/०९ म्हणजे पाच सप्टेंबर की नऊ मे, हे वाचणाऱ्याच्या देशावर ठरतं. तेरड्याला मेमध्ये फुलं कशी, अशी शंका घेणारा माणूस प्रत्येक वेळी असेलच असं नाही.

११. नाव

नाव शेवटी. आधी नाव ठरवून मग वर्णन लिहिलं की डोळ्यांना तेच दिसू लागतं. कासवर गुलाबी आहे म्हणून लॉवाय ही जात आणि घाटात पिवळा आहे म्हणून डालझेली, हे सुरुवातीचे अंदाज म्हणून ठीक. नक्की करायला उलगडलेलं फूल भिंगाखाली घ्या, ओळखसूची (खुणा विचारत जातीपर्यंत नेणारी यादी) पायरीपायरीने चालवा, आणि जवळच्या हर्बेरियममधल्या शीटशी ताडून पाहा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय कार्यालय आणि आघारकर संस्था, मुंबईत झेवियर्स महाविद्यालयातलं ब्लॅटर हर्बेरियम, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ. आधी पत्र लिहून वेळ घ्या.

खात्री नसेल तर ‘इम्पेशन्स एसपी.’, म्हणजे इम्पेशन्सची न ठरलेली जात, असं लिहा. लाज वाटायचं कारण नाही. प्रजातीपर्यंत बरोबर असलेली शीट पुढे कुणीतरी पूर्ण करतो. चुकीचं नाव लावलेली शीट चुकीच्या घडीत जाऊन बसते आणि कुणालाच सापडत नाही.

दुसऱ्याच्या शीटवर नाव बदलायचं असेल तर जुन्या लेबलावर खाडाखोड नको. वेगळी चिठ्ठी: नवं नाव, तुमचं नाव, वर्ष. जुनी चिठ्ठी चुकीची असली तरी राहू द्या.

१२. नोंद संगणकावर

एक रकाना जसंच्या तसं लिहिण्याचा, दुसरा अर्थ लावलेला. लेबलावर ‘सट्टारा’ छापलं असेल तर पहिल्या रकान्यात तेच उतरवायचं, दुसऱ्यात ‘सातारा’. दोन्ही एकत्र केले की अर्थ लावणाऱ्याची चूक नंतर सुधारता येत नाही.

जुन्या शीटची उंची बहुधा फुटांत असते. नुसतं ‘२०००’ लिहिलेलं मीटर समजलात तर ६१० मीटरचं झाड तिप्पट उंच चढतं, आणि महाराष्ट्रात कळसूबाईच १,६४६ मीटर आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या काही शीटवर स्टॉक्स, लॉ वगैरे संकलकांच्या नावाचं छापील लेबल आहे: ‘मलबार, कोकण इत्यादी’. लॉवाय या जातीला ज्याचं नाव आहे तो हाच लॉ. अशा लेबलाला नकाशावर बिंदू देऊ नका. जिल्ह्याच्या मध्यावर टिंब ठेवून मोकळं होण्याचा मोह अनेकांना होतो. अक्षांश-रेखांशाचा रकाना रिकामा ठेवा, तो रिकामा असणं हीच खरी माहिती आहे.

एकाच संकलकाचा तोच क्रमांक पुणे, हावडा आणि लंडनमधलं क्यू अशा तीन ठिकाणच्या हर्बेरियममध्ये असेल तर ती तीन शीटची एकच नोंद आहे. नकाशात आणि मोजणीत ती एकदाच धरायची. क्रमांक आणि तारीख जुळवून बघितली की जोड्या सापडतात.

अगदी मोजक्या जागी उरलेल्या जातीचं ठिकाण सार्वजनिक डेटामध्ये ०.१ अंशापर्यंत, म्हणजे सुमारे ११ किलोमीटरपर्यंत ढोबळ करा आणि ढोबळ केलं आहे असं त्याच ओळीत लिहा. शीटवर आणि मूळ नोंदीत आकडे पूर्णच ठेवा.

ओळ जतन करण्यापूर्वी तीन तपासण्या. टिंब लेबलावरच्या तालुक्यात पडतं का? तिथली उंची लेबलावरच्या उंचीशी शे-दोनशे मीटरमध्ये जुळते का? आणि फुलं असलेल्या नमुन्याचा महिना पावसाळ्याच्या आसपासचा आहे का? एकही उत्तर ‘नाही’ आलं तर ओळ तशीच सोडून आधी नोंदवही उघडा.